म्हसळ्याच्या स्टँडवरची सुरमई

१

मंगळवार, सकाळी साडेसात. बोर्ली पंचतनच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या कोळीवाड्यात, मच्छीमार संस्थेच्या भिंतीवरच्या पडद्यावर एक ओळ उमटली: 'आज सर्वाधिक मासळी मिळण्याची शक्यता: म्हसळा एस. टी. स्टँड.'

म्हसळ्याला समुद्र नाही. तालुक्याचं गाव, चारी बाजूंनी डोंगर. पावसाळ्यात स्टँडवर पाणी साचतं तेवढंच.

खोलीत तेव्हा तिघं होती. संस्थेची व्यवस्थापक जागृती, ऐरोलीच्या सॉफ्टवेअर कंपनीतून आदल्या दिवशी आलेली क्रांती, आणि जाळ्यासाठी दोरा मागायला आलेला तरुण तांडेल दिपेश. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. जाळं कुठं टाकायचं ते त्याच्या शब्दावर ठरतं. दिपेशनं ती ओळ दोनदा वाचली.

"जाळं पहिल्या फलाटावर टाकू, का दुसऱ्या?" एवढं विचारून तो दोरा न घेताच बाहेर पळाला. चहा गाळून होईस्तोवर अख्ख्या कोळीवाड्यात हसण्याची लाट फिरून आली.

क्रांतीला हसू आलं होतं, पण ते तिनं गिळलं. व्यवस्था तिनंच बसवलेली. पाच होड्यांना कंपनीनं पाच फोन दिले होते. मासळी मिळाली की तिचा फोटो काढायचा, जात आणि वजन भरायचं, बटण दाबायचं. ठिकाण फोन आपोआप टिपतो; हातानं बदलता येत नाही. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये थांबते आणि रेंज आली की क्लाउडवर जाते, म्हणजे कंपनीच्या लांबच्या संगणकांत, जिथून ती कुठूनही पाहता येते. चार महिने नुसती माहिती जमली. आज त्या माहितीवरून पहिलं भाकीत निघायचं होतं. चार वाजता कंपनीचे वरचे लोक पडद्यावर येणार होते आणि क्रांतीनं टाळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं.

तिनं नकाशा उघडला. आजवर सगळ्यांनी बेरजाच पाहिल्या होत्या. नकाशा भाकितासोबत आज पहिल्यांदा उघडत होता. चार महिन्यांच्या शेकडो नोंदी. सुरमई, पापलेट, कोळंबी, मांदेली.

एकही नोंद समुद्रातली नव्हती. सगळ्या म्हसळ्याच्या.

२

"कुणीतरी बसल्या जागी भरतंय," स्वराज सर फोनवर म्हणाले. ते क्रांतीचे साहेब. "सगळ्या नोंदी सकाळच्या, सगळ्या एकाच ठिकाणच्या. ती मॅनेजर मुलगी म्हसळ्याला जाते का?"

"विचारते."

"विचार. चारपर्यंत मला नाव हवं. खोटा डेटा निघाला तर प्रयोग बंद, आणि तिची जागाही. पगार आपणच देतो ना तिचा."

जागृतीनं हे ऐकलं होतं. फोनचा आवाज मोठा होता आणि खोली लहान.

"जाते मी म्हसळ्याला," ती म्हणाली. "दर बुधवारी, बँकेत. आणि लपवत नाही, माझा मामा स्टँडच्या मागेच राहतो. जेवूनच येते." मग म्हणाली, "वाशीच्या जुन्या कंपनीनं परत बोलावलंय मला. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. मी नाही म्हणणार होते."

वाशीची नोकरी सोडून ती या कामासाठी गावी आली होती, हे क्रांतीला ठाऊक होतं. गावानं तिला महिनाभर 'कंप्युटरवाली' म्हणून चिडवलं आणि मग आपल्या मुलांचे दाखले, आजींची पेन्शन, मोटारसायकलींचे विमे सगळं तिच्याच टेबलावर आणून टाकलं.

"फोनमध्ये बिघाड असेल का?" जागृतीनं विचारलं. "समुद्रात रेंज नसते. रेंज आली तिथलं ठिकाण पकडत असेल."

"मग ते आपल्या धक्क्याचं पकडेल. इथं चांगली रेंज आहे. म्हसळ्यापर्यंत कशाला थांबेल?"

क्रांती पेणकडची, आगरी. आजोबांची मिठागरं होती, वडिलांचे ट्रक आहेत. वडिलांनी, काळूरामशेठनी, सगळ्या ट्रकांना माग काढणारी यंत्रं बसवली तेव्हाची गोष्ट तिला आठवली. एका हळदीच्या दिवशी सगळे ट्रक एकामागोमाग उरणच्या रस्त्याला धावताना दिसले. शेठ खूश. धावत मात्र एकच होता. बाकीच्यांची यंत्रं त्याच्या केबिनमध्ये आणि बाकीचे ड्रायव्हर हळदीत नाचत होते. यंत्र खोटं बोलत नाही, हे ती तेव्हाच शिकली. ते ज्याच्याजवळ असतं त्याचं ठिकाण सांगतं.

म्हणजे प्रश्न समुद्राचा नव्हताच. फोन कुणाजवळ होते?

तिनं नकाशा मोठा करत नेला. म्हसळा, मग बाजार, मग स्टँडशेजारचा रस्ता. एकानं पाचही फोन हातात घेऊन नोंदी भरल्या असत्या तर ठिपके एकावर एक पडले असते. तिनं प्रत्येक फोनच्या चार महिन्यांच्या नोंदींची सरासरी काढली.

ठिपका एक नव्हता. पाच होते. रस्त्याच्या कडेनं, एका ओळीत, आणि प्रत्येक फोन रोज आपल्याच ठिपक्यावर.

३

"दिपेश, तुझा फोन दाखव."

दिपेश धक्क्यावर होता. तो घरी गेला, बऱ्याच वेळानं आला. फोन चकाचक, मागे गुलाबी कव्हर, त्यावर मोर.

"छान आहे मोर," क्रांती म्हणाली.

"आवडतो मला."

"उघड."

दिपेशनं अंगठा लावला. उघडेना. दुसरा लावला. मग अंगठा शर्टाला पुसला. "पाण्यानं बोटं मऊ पडलीत, मॅडम. कोळ्याच्या हाताला रेषा राहत नाहीत."

"आणि नंबर?"

"विसरलो. टेन्शन येतं तुमच्यासमोर."

शेजारी होडीच्या सावलीत हरेश्वर जाळं शिवत होते. संस्थेचे अध्यक्ष, वाड्यातले सगळ्यात जुने तांडेल आणि जागृतीचे सख्खे काका. क्रांती त्यांच्याजवळ वाळूत बसली.

"काका, मासळी मिळते त्या जागेवर बटण दाबायला काय अडचण आहे?"

"अडचण काय न्हाय." सुई चालूच. "माज्या बापसानं मला त्याची जागा कधी सांगितली ठाऊक हाय? मरायच्या आदल्या साली. भर समुद्रात होडी आडवी आली आन् कुणी विचारलं, कुठं लागलं म्हावरं, तर उत्तरेचं दक्षिण सांगायचं. त्यालाबी ठाऊक असतं हा खोटं सांगतोय. मग तोबी खोटं सांगतो. दोघंबी रामराम करून आपापल्या वाटेनं. रीत हाय ती, बाय."

"आणि अध्यक्ष म्हणून या प्रयोगावर सही कुणी केली?"

"सही मी केली. पोरगी म्हणाली, काका कर. केली." ते पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "सहीत जागा लिवायची नसते."

"चारपर्यंत समुद्रातली एक तरी खरी नोंद दाखवता आली नाही, तर जागृती वाशीला परत जाईल."

"जाऊ दे. तिकडं पगार मोप हाय."

ते म्हणाले सहज, पण सुई जाळ्यात जायची ती बोटात गेली. बोट चोखत ते खाडीकडे बघत राहिले.

कार्यालयात परतल्यावर क्रांतीला विनेश भेटला. बोर्लीत त्याचं मोबाईलचं दुकान. पाचही फोन त्यानंच चालू करून दिले होते आणि आज चारच्या बैठकीसाठी तो पडद्याची वायर जोडायला आला होता.

"विनेश, फोन चालू करताना अंगठे कुणाचे घेतले?"

"ज्यांनी आणले त्यांचे."

"कुणी आणले?"

विनेशनं वायर तोंडात धरली, म्हणजे बोलायला नको. मग काढून म्हणाला, "मॅडम, डॉक्टर, वकील आणि मोबाईलवाला. गिऱ्हाइकाचं गुपित फोडलं तर धंदा बसला. उद्या माझी खिडकी फुटायची."

"फोडणार कोण? दिपेश?"

"दिपेशला कोण घाबरतंय?" विनेश म्हणाला. आणि जीभ चावली.

४

हरेश्वरांच्या घरी अंगणात बोंबील वाळत होते. त्यांची बायको नीराबाई ओट्यावर बसून कावळे हाकत होती. क्रांतीला तिनं न विचारता साबुदाण्याची बशी पुढे केली.

"खा. उपासाची हाय, पण बिनउपासाला चालते."

"काकी, आज बाजाराला नाही गेलात?"

"आज कुठला बाजार."

क्रांती पुढचं विचारणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. काळूरामशेठ. मागे घंटा आणि माणसांचा गलका.

"पालीला हाय मी, बल्लाळेश्वराच्या रांगेत. रांग पार खाली रस्त्यापर्यंत. ड्रायव्हर सगळे हितंच, गाड्या बंद. तुझ्या नावानं नारळ फोडतो. काय अडलंय का?"

"एक माणूस सापडत नाही, बाबा."

"सापडंल. अंगारकी हाय आज."

क्रांतीनं फोन ठेवला आणि घास हातात धरून तशीच बसली. मग तिनं टॅबलेट काढला. त्यात एक आलेख होता. स्वराज सरांचा लाडका. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी मासळी दर महिन्याला झपकन खाली जायची. सरांनी त्यावर 'चंद्रकला आणि मासळीचं वर्तन' अशा नावाचं सादरीकरण तयार केलं होतं आणि ते बंगळूरला दाखवूनही आले होते. भरती-ओहोटीचा परिणाम, असं सगळ्यांनी मान डोलावून ठरवलं होतं. गुरुवारी मासळी घटायची, त्याला मात्र कुणाला कारण सुचलं नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीचे गुरुवार तर जवळजवळ कोरडे.

पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस. संकष्टी. आणि डिसेंबरातले ते गुरुवार मार्गशीर्षातले.

मासे चतुर्थी करत नाहीत. मार्गशीर्षातला गुरुवारही नाही. करतं ते गिऱ्हाईक.

तिनं बशी खाली ठेवली.

"काकी, म्हसळ्याच्या बाजारात तुमच्या उजव्या हाताला कोण बसतं?"

नीराबाईनं कावळ्यावर खडा भिरकावला. मग तिच्या गालावर हळूहळू हसू पसरलं.

"विनिता. दिपेशची बायको. तिच्या सासूची जागा ती, आता तिला मिळाली. माझी जागा माझ्या सासूची." ती उठली. "दमानं घे पोरी. फोन आणते, मग काय ते बोलू."

ती आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. चेहऱ्यावरचं हसू उतरलेलं.

"देवाच्या फळीवर ठेवला होता. न्हाय."

दोघी धक्क्यावर आल्या. पाच होड्यांच्या जागी चार. आज कुणी निघणार नव्हतं. बाजार नाही, बर्फ नाही, जाळी शिवायचा दिवस. पण हरेश्वरांची होडी नव्हती, हरेश्वर नव्हते, आणि पाचवा फोनही नव्हता.

"समुद्रात फेकायला नेला असंल," नीराबाई म्हणाली. "त्याचा त्या फोनवर राग हाय."

५

चार वाजता पडद्यावर स्वराज सर आणि तीन अनोळखी चेहरे उमटले. खोलीत बाकांवर तांडेल, मागे खलाशी, दारात विनेश. सगळ्यांना वाटलं क्रांती नाव सांगणार. जागृती टेबलाच्या कडेला उभी होती. तिच्या फोनवर वाशीचा निरोप उघडाच होता.

"नोंदी खऱ्या आहेत," क्रांती म्हणाली. "वजन खरं, जात खरी, फोटो खरे. ठिकाणही खरं."

"ठिकाण एस. टी. स्टँड आहे," पडद्यावरचा एक चेहरा म्हणाला.

"हो. मासळी तिथंच होती. फक्त समुद्रातून निघून, टेम्पोनं जाऊन, पाटीत बसलेली."

मग तिनं ओळीनं सांगितलं. एकटी जागृती असती तर ठिपका एक पडला असता. ठिपके पाच आहेत. पाच ठिपक्यांचा क्रम चार महिन्यांत एकदाही बदललेला नाही. अशा जागा एकाच ठिकाणी असतात: बाजारात, जिथं सासूची जागा सुनेला मिळते आणि दुसरी तिथं बसायचं धाडस करत नाही. दिपेशचा फोन दिपेशच्या अंगठ्यानं उघडत नाही. आणि मासळी नेमकी संकष्टीला आणि गुरुवारी घटते.

"म्हणजे चंद्रकला..." स्वराज सर म्हणाले.

"चंद्र आहेच, सर. तो बघूनच उपास सोडतात."

बंगळूरची आठवण झाली असावी. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीत राहिले.

"पण केलं कुणी?" दुसऱ्या चेहऱ्यानं विचारलं.

"मी." नीराबाई पुढे आली. तिच्यामागे विनिता आणि आणखी तिघी. त्या चौघींनी एकेक करून फोन टेबलावर ठेवले. मोराचं कव्हर सगळ्यात वर. "या मेल्यांना विचारा, पहिल्या आठवड्यात यांनी किती बटणं दाबली. एक न्हाय. होडीत फोन डब्यात कोंडून ठेवायचे. पोरगी रोज पडद्याकडं बघायची आन् पडदा कोरा. कोरा राहिला असता तर तुम्ही तिला घालवली असती. मग म्हटलं, फोन आमच्याकडं द्या. म्हावरं आमच्या हातात येतंच की. वजन आम्ही चोख घालतो."

"काकी, मला का नाही सांगितलं?" जागृतीचा आवाज बारीक झाला होता.

"तू खोटं बोलायला कच्ची. चेहऱ्यावर दिसलं असतं."

दिपेश बाकावरून म्हणाला, "आम्हाला न विचारता फोन घेतले न्हाईत हां. विचारलं."

"काय विचारलं?" विनिता मागे वळली. "देतोस का घेऊ, असं विचारलं."

खोली हसली. पडद्यावरही दोघं हसले. कुठल्या वारी काय विकतं, कुठली मासळी दुपारपर्यंत उरते, याची चार महिन्यांची बाजाराची माहिती आजवर कंपनीच्या हाती लागली नव्हती, हे त्यातल्या एकीनं आपणहून बोलून दाखवलं. स्वराज सर मात्र सावरून बसले होते.

"हे सगळं छान आहे. पण करार समुद्राचा आहे. कागदावर मी काय दाखवू? मला समुद्रातून एक नोंद दाखवा. एकच. होड्यांनी सुरुवात केली एवढं म्हणता येईल. सहापर्यंत आली तर पुढचं वर्ष नक्की. नाहीतर माझा नाइलाज आहे."

क्रांतीनं तांडेलांकडे पाहिलं. चौघंही आपापल्या पायांकडे बघत होते. जागृतीसाठी त्यांनी जीव दिला असता. जागा मात्र बापसाची होती.

६

साडेपाचला पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटला. निळ्यात.

जागृतीनं पुढे होऊन वाचलं. पापलेट, एक पाटी. वेळ तासाभरापूर्वीची, रेंज आता मिळाली होती. फोटोत ओल्या फळ्या, पापलेटांचा ढीग आणि कोपऱ्यात एक जाडजूड पाय. फोन पाचवा.

"काका," ती म्हणाली आणि खाली बसली.

"माझ्या अंगठ्याबिगर तो फोन उघडत न्हाय," नीराबाई म्हणाली. "कसा उघडला यानं?"

दारातून विनेश खाकरला. "दुपारी दुकानात आले होते. फोनचा नंबर मला ठाऊक होता, त्यानं उघडून त्यांचा अंगठा घालून दिला. फोटो कसा काढतात ते पाच वेळा विचारलं. सांगू नको म्हणाले." मग घाईनं म्हणाला, "आता सांगितलं तर चालेल ना?"

स्वराज सरांचा निरोप आला: 'नोंद मिळाली. पुढचं वर्ष नक्की.' जागृतीनं तो दोनदा वाचला, वाशीला एका ओळीचं उत्तर पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. नीराबाईनं तिच्या पाठीवर एक धपाटा घातला; मायेचा, पण जोरात.

तांडेल मात्र पडद्याला चिकटले होते.

"ही जागा न्हाय त्याची," एक म्हणाला. "तिथं खडक हाय. जाळं फाटंल."

"म्हातारा कधी खरं सांगंल?" दिपेश म्हणाला. "पापलेट मारलं दुसरीकडं, आन् बटण दाबलं हितं येऊन."

"काकी, तुम्हाला काय वाटतं?" क्रांतीनं विचारलं. "खरी आहे का जागा?"

"मला काय विचारतेस गो? इतकी वर्षं संसार केला, मला न्हाय सांगितली." नीराबाई पडद्याजवळ गेली आणि त्या ठिपक्याकडे डोळे बारीक करून बघू लागली. "पर पापलेट ताजं दिसतंय."

चौघं तांडेल एकेक करून उठले. एकाला जाळं आवरायचं होतं, एकाला घरी पाहुणे येणार होते. दिपेशला सकाळचा दोरा आठवला. पुन्हा विसरून तोही गेला.

सहा वाजेपर्यंतची शेवटची माहिती अशी: धक्क्यावरून चार इंजिनांचा आवाज ऐकू आला. बर्फ नसताना, अंगारकीच्या संध्याकाळी, चारही होड्या खाडीबाहेर पडल्या. हरेश्वर अजून परतले नव्हते. होड्या कुठल्या दिशेला वळल्या ते पडद्यावर दिसलं नाही. चारही फोन टेबलावर होते, मोराचं कव्हर सगळ्यात वर.